छपरजावई

मोठ्या घराचं छप्पर खालून कुणाला दिसत नाही. समोरच्या हिरवळीवर उभं राहा नाहीतर पार फाटकापाशी जा, दिसतो तो दगडी कठडा आणि त्याच्यामागून डोकावणारी धुरांडी. ज्यानं हे घर बांधलं त्याला म्हणे उतरतं छप्पर दिसलं की गोठ्याची आठवण व्हायची. म्हणून त्यानं चारी बाजूंनी कठडा उचलून घेतला आणि काळ्या पाटीदगडाची कौलं त्याच्या आड आतल्या बाजूला उतरवली. घर देखणं झालं यात शंका नाही. पण पावसाचं पाणी कठड्यामुळे बाहेर जाईना, तेव्हा ते आतच गोळा करावं लागलं. छपराच्या मधोमध शिशाचा पत्रा मढवलेली एक रुंद पन्हळ केली, आणि ती पुढे पोटमाळ्यात शिरवून, दिवाणखान्याच्या अगदी डोक्यावरून, मागच्या अंगाला नेऊन सोडली. दिवाणखान्याच्या छतावर गिलाव्यात कोरलेल्या वेली आहेत, मधोमध रंगवलेलं निळं आभाळ आहे. त्या आभाळाच्या दोन-अडीच हात वरून साऱ्या घराचं पाणी वाहतं. पन्हळ तुंबली की आभाळ गळणार, हे ठरलेलं.

हौस मालकाची, निस्तरणं रखवालदाराचं. मालकाचं घराणं पुढे विरलं, घर सरकारच्या वारसा खात्याकडे आलं, संरक्षित वास्तू म्हणून फाटकावर पाटी लागली आणि परवानगीशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही असा कायदा झाला. रखवालदार मात्र तोच राहिला. त्याच्यामागून त्याचा जावई आला.

हा जावई मूळचा रंगारी. ऐन पंचविशीत मोठ्या घराच्या खिडक्या रंगवायला आला आणि रखवालदाराच्या मुलीत अडकला. म्हाताऱ्यानं त्याला एकच प्रश्न विचारला होता, उंचीची भीती वाटते का. त्यानं नाही म्हटलं, आणि तेव्हा ते खरंही होतं. म्हाताऱ्याला मुलगा नव्हता. मुलगी लहानपणापासून बापाच्या मागे छपरावर हुंदडलेली, कुठलं कौल हलतं ते डोळे मिटून सांगायची. पण खात्यानं बाईमाणसाला छपरावर नेमलं नसतं आणि ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही. नोकरी जावयाला मिळाली. नोकरीबरोबर फाटकाजवळच्या दोन खोल्या मिळाल्या. गावातल्या लोकांना आयतंच सापडलं. घरजावई पुष्कळ पाहिले, म्हणाले, हा छपरजावई. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढेपुढे पोस्टमनही त्याच नावानं पत्ता सांगायला लागला.

तीस-बत्तीस वर्षं त्यानं ते छप्पर सांभाळलं. पानगळीच्या दिवसांत रोज सकाळी वर जायचं, पन्हळीतली पानं उपसायची, धुरांड्यांच्या बुडाशी चिरा पडल्यात का पाहायचं. पोरीला मांडीवर घेऊन जेवावं तितक्या सहज तो कठड्यावर बसून भाकरतुकडा खायचा. मग एके दिवशी पायाखालचं कौल निसटलं. झालं काहीच नाही. तो हातभर घसरला, धुरांड्याला मिठी मारली, कौल पन्हळीत जाऊन पडलं. खाली उतरून त्यानं चहाही घेतला. पण दुसऱ्या दिवशी पोटमाळ्यातून छपरावर निघायच्या झडपेपाशी पोचला आणि गुडघ्यांतून जीव गेला. झडप उघडली, आभाळ दिसलं, आणि तो तिथंच तुळईवर बसून राहिला. उद्या जाऊ म्हणाला. उद्याही तेच. नंतर तर ही भीती छपरावरून जिना उतरून खाली यायला लागली. घरातला मोठा दगडी जिना नुसता भिंतीतून बाहेर काढलेला आहे, खाली खांब नाही की कमान नाही, प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर टेकलेली. इतकी वर्षं तो त्यावरून बादल्या घेऊन धावला होता. आता मात्र वाटायचं, यातल्या एखादीनं आज अंग काढून घेतलं तर?

कुणाला सांगायची सोय नव्हती. छपरावर न जाणारा छपरजावई खात्याला कशाला हवा होता? नोकरी गेली असती आणि नोकरीमागे खोल्या. त्याची मुलगी शहरात दिलेली. तिच्या घरी जावयापुढे ताट घेऊन बसायचं या विचारानंच त्याला घास जात नसे. म्हणून तो रोज झाडणी घेऊन वर जायचा, झडपेखाली तासभर बसायचा आणि कपडे झटकत खाली यायचा.

बायकोच्या ते लक्षात यायला वेळ लागला नाही. बुटांना चिखल नाही, कोटाला पान नाही. एका सकाळी ती मागून आली आणि तो अंधारात बसलेला तिला दिसला. त्यानं काहीबाही सांगायला सुरुवात केली. तिनं ऐकून घेतलं नाही. ती एवढंच म्हणाली, "द्या ती झाडणी इकडे."

त्या दिवसापासून छपरावर ती जायला लागली. त्याचा कोट, त्याची टोपी, त्याचेच बूट, आत चिंध्या कोंबून. खालून कुणी पाहिलं तर कठड्याआडून कोट-टोपी हलताना दिसायची, बस. लोक हात करायचे. तीही हात करायची.

आता खरं तर त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. झालं उलटं. स्वतः वर होता तेव्हा भीती त्याच्या पायांत होती. आता ती कानांत येऊन बसली. बायको वर गेली की तो खालच्या खोल्यांमधून तिच्या पावलांमागे चालायचा. मोठ्या घराच्या वरच्या मजल्यावर पावलं चांगली ऐकू येतात. आता ती झोपण्याच्या खोलीवर आहे, आता पुस्तकांच्या खोलीवर, आता काचेच्या घुमटाला वळसा घालते आहे. घुमटापाशी वाट अरुंद, तिथं पावलं हळू पडायची आणि खाली हाही जपून पाऊल टाकायचा. ती थांबली की हा थांबायचा. कधी ती उगाचच थांबायची, बराच वेळ, आणि तेवढ्यात याच्या मनात तिची तिरडीसुद्धा बांधून व्हायची. मग पावलं पुन्हा सुरू. खाली आल्यावर विचारलं, तिथं इतका वेळ काय करत होतीस, तर म्हणायची काही नाही, बघत होते. काय बघत होती ते त्यानं कधी विचारलं नाही. ती सुखरूप खाली आली की त्याला राग यायचा आणि रागात प्रश्न विसरायचा.

दोन वर्षं असं चाललं. बाग सांभाळणाऱ्या माळ्याला थोडाफार वास आला असावा, पण माळी मुळातच मितभाषी, झाडांशीही कामापुरतं बोलणारा. खात्यातून वरचेवर एक मॅडम यायच्या. वयानं या दोघांच्या मुलीएवढ्या, बोलायला गोड, पण नजर बारीक. घरातल्या एकेका पोपड्याचा फोटो काढून न्यायच्या. त्या आल्या की छपरजावयाचं धाबं दणाणायचं. काका, एकदा तुमच्याबरोबर छपरावर यायचंय, असं त्या दर खेपेला म्हणायच्या, आणि हा दर खेपेला वेळ मारून न्यायचा. आज शेवाळ आहे, आज वारा आहे, आज कंबर धरली आहे. बायको नंतर हसायची. म्हणायची, तुमच्या कंबरेवर आता खात्यानं एक संरक्षित पाटी लावायला हवी.

त्या वर्षी पानगळ उशिरा आणि एकदम झाली. आठवडाभर सोसाट्याचा वारा. मागच्या बाजूची जुनी झाडं दोन दिवसांत उघडी पडली आणि त्यांची निम्मी पानं जणू नेम धरून पन्हळीत. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं. वारा आहे म्हणून घर त्या दिवशी लोकांसाठी बंदच ठेवलं होतं. तो म्हणाला आज राहू दे. ती म्हणाली, आज राहिलं तर रात्री छत राहणार नाही. ते खरंच होतं. तिनं टोपी कानांवर ओढली आणि वर गेली.

पाऊस लगेचच आला. हा दिवाणखान्यात उभा, मान वर करून. पन्हळीचं तोंड बरोबर त्याच्या डोक्यावर, तिथंच पानांचा बोळा बसतो. पावसाच्या आवाजात पावलं नीट ऐकू येईनात. मधेच एक, मधेच दोन. मग झाडणीचा खरवड खरवड आवाज. मग त्यालाही खंड पडला. आणि नेमकं तेव्हा मागं दार वाजलं.

मॅडम होत्या. छत्री उलटीपालटी झालेली, केस गळताहेत. वादळाचं ऐकून छताच्या काळजीनं शहरातून निघाल्या होत्या. गाडीतून उतरताना कठड्यामागे टोपी दिसली म्हणून त्यांना हायसं वाटलं होतं, काका वर आहेत. आणि आत येऊन पाहतात तर काका कोरडे ठणठणीत, दिवाणखान्याच्या मधोमध.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"काका, तुम्ही इथे. मग वर कोण आहे?"

दोन वर्षांत त्यानं या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं मनात रचून ठेवली होती. पण त्याच क्षणी वरून काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, भिजलेलं लाकूड मोडतं तसा जड, दबका. पाठोपाठ काही नाही. आणि रंगवलेल्या आभाळाच्या कडेला एक ओला ठिपका उमटला.

"बायको," तो म्हणाला. "बायको आहे माझी."

मग तो धावला. जिन्याच्या पायऱ्यांचा विचार त्याला त्या दिवशी शिवला नाही. धावता धावता खिडकीतून माळ्याला हाक मारली, मॅडम मागून येतच होत्या. पोटमाळ्यात तो झडपेपाशी पोचला, झडप सताड उघडी होती, वाऱ्यानं आपटत होती. बाहेर राखाडी पाऊस. त्यानं एक हात बाहेर काढला, डोकं बाहेर काढलं, आणि थांबला. बायको वर पडलेली असताना गुडघे गेले, हे त्याला नंतर कित्येक दिवस स्वतःलाच सांगावं लागलं, कारण विश्वास बसत नव्हता. त्यानं हाक मारली. पावसातून उत्तर आलं, शब्द कळले नाहीत, पण आवाज तिचाच होता.

माळी वर आला. त्यानं कोपऱ्यातला दोर कमरेला बांधला, दुसरं टोक मॅडमच्या हातात दिलं, त्यांनी ते तुळईला दोन वेढे देऊन धरलं, आणि माळी झडपेतून बाहेर गेला. छपरजावई मागं सरला. हात रिकामे. आणि मागं सरताना त्याला पोटमाळ्याच्या दुसऱ्या टोकाला पाणी पडताना दिसलं. पाण्याबरोबर आणखी काहीतरी.

तो पाय होता. पन्हळीच्या शिशाखालची फळी कुजलेली होती, तिच्यातून बायकोचा पाय गुडघ्यापर्यंत आत आला होता. बूट निघून पडला होता. कुजक्या लाकडातून खाली लोंबकळणारा तो पांढरा पाय आणि त्याच्या बाजूनं धो धो पाणी.

पोटमाळ्यात चालायचं ते तुळयांवरून. दोन तुळयांच्या मधे नुसता गिलावा, पाय पडला तर माणूस थेट दिवाणखान्यात. तो गुडघ्यांवर रांगत गेला. छप्पर तिथं इतकं खाली येतं की मान वर करता येत नाही. त्यानं दोन्ही हातांनी तो पाय धरला. बर्फासारखा गार होता. पाणी त्याच्या डोक्यावरून, कॉलरमधून पाठीत उतरत होतं.

"कोण आहे?" वरून आवाज आला.

"मी."

"मग धरून काय बसलाय? वर ढकला."

त्यानं ढकललं. फळीच्या धारेवर नडगी घासली तशी ती ओरडली, तो थांबला, ती म्हणाली थांबू नका. तोवर वर माळी पोचला असावा. वजन हललं. त्यानं आपला खांदा तिच्या तळव्याखाली दिला आणि जितकं उठता येत होतं तितकं उठला. पाय सरकत सरकत वर गेला आणि एकदम सुटला. भोकातून पावसाचं आभाळ दिसलं. त्यानं तिथं आपला सदरा काढून कोंबला. काहीच उपयोगाचं नव्हतं ते, पण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

माळी नंतर सांगत होता की सुटल्यावर ती लगेच झडपेकडे निघायला तयार नव्हती. पन्हळीच्या तोंडाशी बोळा तसाच होता. तिनं बसल्या बसल्या, एक पाय लांब करून, दोन्ही हातांनी तो उपसला. पाणी असं गडगडत निघालं की पोटमाळ्यात मॅडमना वाटलं छप्पर खाली आलं. मग ती माळ्याचा हात धरून आली.

नडगी चांगलीच सोलवटली होती, घोटा सुजून भोपळा. हाड शाबूत. डॉक्टरनं तीन आठवडे पाय टेकवू नका म्हटलं. छतावर ताटलीएवढा डाग राहिला, एका वेलीची दोन पानं फुगली. मॅडमनी त्याचे फोटो काढले. जाताना त्या फाटकाजवळच्या खोलीत आल्या, बायकोपाशी बसल्या, पाय बघितला. मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "काका, मला हे लिहावं लागेल. काय काय लिहू?"

तो म्हणाला, जे झालं ते सगळं लिहा. दोन वर्षांचं सांगून टाकलं त्यानं, कौल निसटल्यापासून. सांगताना एकदाही मान वर केली नाही. ऐकून घेऊन मॅडम उठून गेल्या.

पुढचा महिना कसा गेला ते त्यांचं त्यांनाच माहीत. फाटकात गाडी वाजली की तो उठून उभा राहायचा. मुलीनं फोनवर सांगून टाकलं होतं, सामान बांधा आणि या, एक खोली रिकामी करते. त्यानं माळ्यावरच्या दोन ट्रंका काढूनही ठेवल्या. काय न्यायचं, काय सोडायचं याचा मनाशी हिशेब करत तो बसायचा. बायको खाटेवर पाय उंच करून पडलेली. तीही बोलेना. त्याला वाटायचं, तिचा पाय आपल्यामुळे मोडता मोडता राहिला, तिनं धरला अबोला तर बरोबरच आहे.

खात्याचा निर्णय आला तो त्याला वाटला होता त्याहून बराच नरम. खोल्या राहणार होत्या. त्याला छपरावरून काढून तिकिटाच्या खिडकीवर बसवलं. पन्हळीची फळी बदलायला मंजुरी मिळाली. छपराचं काम एका कंपनीकडे गेलं, तिची माणसं पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे-दोर घेऊन येणार. पट्टे अडकवायला धुरांड्यांच्या आतल्या अंगाला कड्या बसवायच्या होत्या. त्या खालून दिसणार नाहीत ना, यावर खात्यात बराच खल झाला म्हणे. आणि शेवटची ओळ अशी की रखवालदाराच्या कुटुंबातल्या कुणीही झडपेच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही.

त्यानं ते बायकोला वाचून दाखवलं. वाचताना आवाज मोकळा झाला होता, दोन वर्षांत पहिल्यांदाच. वाटलं, सुटलो. ट्रंका परत वर ठेवतो म्हणाला.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच पडून म्हणाली, "तुम्हाला वाटलं, मी तुमच्यासाठी वर जात होते?"

तो ट्रंकेवर हात ठेवून उभा राहिला.

मग ती बोलली. आवाज चढवून नाही. म्हणाली, बाप होता तोवर छप्पर माझं होतं. लग्न झालं, तुम्ही आलात, झाडणी तुमच्या हातात गेली आणि मी खाली स्वयंपाक करत बसले. तीस वर्षं मी तुमचे बूट पुसले आणि बुटांना लागलेल्या शेवाळ्यावरून ओळखायची तुम्ही आज कुठल्या बाजूला गेला होता ते. तुमचे गुडघे गेले तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण झडपेतून बाहेर आले आणि वारा लागला, तेव्हा वाईट वाटायचं राहून गेलं. वर मी थांबायची ना, ती उगाच नव्हते थांबत. नदीचं वळण दिसतं तिथून. माझी शाळा दिसते.

दोन वर्षं जिची पावलं ऐकून आपण मरत होतो ती बाई वर मजेत होती, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला आधी थोडा रागच आला. मग लाज वाटली. मग दोन्ही एकत्र. पण आठवड्यानं मॅडम आल्या तेव्हा तिकिटाच्या खिडकीतून उठून तो त्यांच्यामागे गेला आणि म्हणाला, बायकोला वर जाऊ द्या. मॅडमना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं पुन्हा सांगितलं. जे मागत होता त्याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती होती.

मॅडमनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. कंपनीच्या मुकादमाशी बोलल्या. मुकादमाला वर नेणारं, कुठं पाय टाकायचा ते सांगणारं माणूस हवंच होतं, पण वय ऐकून त्यानं कानांवर हात ठेवले. बायको काठी टेकत स्वतः त्याच्याकडे गेली. काय बोलली देव जाणे. शहरात पट्टा-दोर वापरायचं शिक्षण असतं, तिथं तिला पाठवायचं ठरलं. सगळी पोरं विशी-पंचविशीतली, त्यांत ही एकटी. परीक्षकानं म्हणे तिला दोनदा लोंबकळायला लावलं, खात्री करायला. दोन्ही वेळा तिनं वरून विचारलं, झालं का तुमचं बघून.

आता वर्षातून दोनदा कंपनीची गाडी येते तेव्हा ती तांबडा पट्टा बांधून वर जाते. तिच्या मापाचे बूट आहेत, नाव लिहिलेली टोपी आहे. दोर कडीला अडकवलेला असतो, पडायची तशी भीती नाही, असं सगळे त्याला सांगतात. तो मान डोलावतो. त्या दिवशी तिकिटं फाडताना सुटे पैसे चुकतात, लोकांना जिना उजवीकडे असताना डावीकडे पाठवतो.

परवा ती खाली आली. हात धुतले, बसली, आणि म्हणाली की उत्तरेकडच्या मोठ्या धुरांड्याचा चुना बोटानं निघतोय, बुडाशी सगळं पोकळ झालंय. मुकादमाला दिसलं नाही, तिनं टकटक करून पाहिलं. मॅडमना कळवायला हवं, पुढच्या खेपेला तिथं शिडी लावून चढावं लागेल.

"कोण चढणार?" त्यानं विचारलं.

तिनं नाव लिहिलेली टोपी काढून त्याच्यापुढं ठेवली आणि भाकरीचं ताट पुढं ओढलं.